डबा, दाजी आणि दुर्बीण

बीडचा माणूस परगावी गेला आणि बोलता बोलता त्याच्या तोंडून बंदुकीचा विषय निघाला, की समोरचा आपली खुर्ची हळूच मागं घेतो. 2024 च्या डिसेंबरनंतर तर फारच. जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांचा आकडा हजाराच्या वर निघाला, त्यातले बरेच रद्द झाले, आणि ज्या कारणानं हे सगळं उजेडात आलं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. म्हणून आधीच सांगून टाकतो, हा लेख त्या बंदुकांचा नाही. हा आमच्या दाजींच्या छऱ्याच्या बंदुकीचा आहे. 0.177 इंची नळी आणि 20 ज्यूलच्या आतली ताकद असली, तर 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे तिला परवाना लागत नाही. आणि खरं सांगायचं तर हा लेख त्या बंदुकीचाही नाही. तिच्या डोक्यावर बसवलेल्या दुर्बिणीचा आहे. बंदुकीनं आजवर कुणाचं काही बिघडवलं नाही. जे काही झालं ते दुर्बिणीमुळं.

दाजींचं गाव माजलगाव तालुक्यात. याच तालुक्यातलं लऊळ डिसेंबर 2021 मध्ये जगभरच्या बातम्यांत झळकलं होतं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून नेतात आणि उंचावरून सोडून देतात, असा तो प्रकार. पिल्लांचा आकडा गावातून निघाला तेव्हा अडीचशे होता, वन खात्याच्या टेबलावर पोचेपर्यंत तो बराच आटला. शेवटी नागपूरहून पथक आलं आणि दोन वानरं पकडून घेऊन गेलं. परदेशी वर्तमानपत्रांनी त्याला टोळीयुद्ध ठरवलं. बीडची बातमी, त्यात टोळीयुद्ध, आणि एकाही आरोपीचं आडनाव नाही, हे बघून आम्हाला त्या आठवड्यात जरा बरंच वाटलं होतं.

दाजींच्या मोसंबीत येणारी वानरं कुत्र्यांच्या भानगडीत पडत नाहीत. ती सालस आहेत. हिरवं फळ तोडतात, एक चावा घेतात, आंबट लागलं म्हणून टाकतात आणि दुसरं तोडतात. "खाऊन टाकलं असतं तर दुःख न्हवतं," दाजी म्हणतात, "पर ही नुसती चव बघायलेत." फटाके झाले, बुजगावणं झालं, डबे वाजवून झाले. मग एक दिवस कुरियरवाला लांबलचक खोकं घेऊन आला.

खोक्यात बंदूक होती आणि बंदुकीबरोबर दुर्बीण होती. दुर्बिणीवर 3-9x40 असं कोरलेलं. याचा अर्थ इतकाच, की समोरचं तीन पटीपासून नऊ पटीपर्यंत मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास 40 मिलिमीटर आहे. पण मधली ती फुली बघून पारावर कुणीतरी गुणाकार करून टाकला, आणि संध्याकाळपर्यंत दाजींच्या दुर्बिणीतून तीनशे साठ पट दिसतं ही बातमी शेजारच्या दोन वाड्यांवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर माणसं बसायला जागा नव्हती.

त्यात वनरक्षकही होते. ते चहाला थांबले, दुर्बिणीतून निवांत डोकावले, छान आहे म्हणाले, आणि मग त्यांनी दाजींना 1972 चा वन्यजीव कायदा समजावून सांगितला. वानराला गोळी काय आणि छरा काय, दोन्ही सारखंच. मोराकडं तर बघायचंसुद्धा नाही, त्याला पाटोद्याकडं नायगावला सरकारनं अख्खं अभयारण्य दिलेलं आहे. रानडुकराचं वेगळं आहे, त्याला अर्ज करता येतो, पण ते परवान्याच्या बंदुकीचं काम, ह्या खेळण्याचं नाही.

"मग हिनं मारायचं काय?" दाजींनी विचारलं.

वनरक्षकांनी अंगणात नजर फिरवली. कोपऱ्यात गोड्या तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा पडला होता. "त्यो मारा की," ते म्हणाले, आणि गाडीला किक मारून निघून गेले.

तेव्हापासून डबा हा एकच शत्रू. आणि डबा तर दहा मीटरवर होता, दुर्बीण कशाला हवी, असं माझी बहीण पहिल्याच दिवशी म्हणाली. तिचं कुणी ऐकलं नाही. पुढं महिनाभर जे चाललं त्यात गावातल्या शहाण्यांची भर पडत गेली, आणि मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. दुर्बीण ही एकट्यानं, गप्प बसून, सावकाश जुळवायची वस्तू आहे. आमच्याकडं विहिरीवरची मोटारसुद्धा चौघांशिवाय चालू होत नाही.

पहिली बैठक झाली ती दुर्बीण बसवायची. मला यातलं जे कळतं ते भाचीमुळं. ती संभाजीनगरला शिकायला असते आणि तिथं 10 मीटर एअर रायफलचा सराव करते. तिनं फोनवरून आधी एकच प्रश्न विचारला, "पप्पा, ती दुर्बीण एअर रायफलसाठीच आहे ना?" दाजींना हा प्रश्न अपमानाचा वाटला. एवढीशी बंदूक, तिला कसली खास दुर्बीण? पण गंमत इथंच आहे. स्प्रिंगच्या बंदुकीत दारू नसते. नळी मोडून खाली ओढली की आत जाडजूड स्प्रिंग दबते. घोडा ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढं धावतो आणि त्याच्या पुढची हवा दाबून छरा ढकलतो. दट्ट्या पुढं पळताना बंदूक मागं येते. तो टोकाला जाऊन आदळला की बंदूक पुढं हिसका खाते. म्हणजे एका बारात दोन धक्के, एक मागं आणि एक पुढं. मोठ्या रायफलीचा दणका कितीही मोठा असला तरी तो मागंच येतो, आणि साध्या दुर्बिणीतली भिंगं तेवढ्याच हिशेबानं आत रोवलेली असतात. पुढच्या हिसक्याला त्यांना कुणी धरायला नसतं. त्यामुळं मोठ्या शिकारी रायफलीवर आयुष्य काढलेली दुर्बीण पोरांच्या छऱ्याच्या बंदुकीवर थोड्याच दिवसांत आतून खुळखुळायला लागते. छऱ्याच्या बंदुकीला दोन्ही धक्के सोसणारी दुर्बीण लागते, आणि ती धरणारा माउंट एकसंध असावा लागतो, मागं अडकवायला खिळी असावी लागते. नाहीतर प्रत्येक बाराला दुर्बीण केसभर मागं सरकते आणि काही दिवसांनी डोळ्यात येते.

दाजींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी हिचं बी युतीवाणी हाय," ते म्हणाले. "आधी मागं वढती, मग पुढं ढकलती."

मग आला ओळंबा. दुर्बिणीतली फुली बंदुकीला उभी-आडवी बरोब्बर बसली पाहिजे. ती जरा जरी कलली, तर छरा वर घ्यायला गेलं की तो वर जाताना बाजूलाही सरकतो, आणि माणूस वाऱ्याला शिव्या देत बसतो. भाचीनं सांगितलेली युक्ती सोपी होती. बंदूक पाणसळ लावून सरळ ठेवायची, समोर लांब दोरीला वजन टांगायचं, आणि फुलीची उभी रेघ त्या दोरीवर येईपर्यंत दुर्बीण कड्यांमध्ये हलकेच फिरवायची. मग स्क्रू तिरपे तिरपे, एक इकडचा एक तिकडचा, थोडे थोडे आवळायचे. एकच बाजू एकदम आवळली की नळी पिळते.

ओळंबा कुणाकडं असणार? मिस्त्रीकडं. मिस्त्रींनीच दाजींचं हे घर बांधलेलं. ते पाणसळ आणि ओळंबा घेऊन सकाळीच आले, आणि त्यांनी ओळंबा ओसरीच्या तुळईला टांगला, म्हणजे त्यांनीच उभ्या केलेल्या खांबाच्या शेजारी. दोरी स्थिर झाली. दाजींनी नऊ पटीवर दुर्बीण नेली, डोळा लावला, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

"काय दिसायलंय?" कुणीतरी विचारलं.

"खांब," दाजी म्हणाले.

ओळंब्याची दोरी आणि खांबाची कड वरती एकमेकींना चिकटलेल्या होत्या आणि खालपर्यंत येता येता त्यांच्यात चांगलं बोट जाईल एवढी फट पडत होती. उघड्या डोळ्यांनी सात वर्षांत कुणाला दिसली नव्हती. नऊ पटीवर ती दाराएवढी दिसली. जमलेल्या सगळ्यांनी पाळीपाळीनं खांब बघितला. फुलीकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. मिस्त्रींनी सगळ्यात शेवटी बघितलं, सावकाश मान वर केली आणि निकाल दिला, "दुर्बीण वाकडी हाय." मग ओळंबा गुंडाळून खिशात घातला आणि चहा न घेता गेले. दुर्बीण अर्धीच आवळलेली राहिली. उरलेले स्क्रू पुढं ट्रॅक्टरच्या गॅरेजवाल्यानं आवळले. त्याच्या हाताला नांगराच्या फाळाचे नट आवळायची सवय, त्यामुळं दोन स्क्रूंची डोकी गुळगुळीत झाली. एलन पाना तोवर कुठं गेला होता ते बहिणीला माहीत होतं. तिनं त्यानं लोणच्याच्या बरणीचं झाकण उचकटलं होतं.

पुढची अडचण डोळ्याची. दुर्बिणीपासून डोळा साधारण तीन इंचांवर ठेवायचा असतो. जवळ नेला की भोवती काळं कडं येतं, लांब नेला तरी काळं कडं येतं. बरोबर अंतरावर आलं की पूर्ण गोल उजेड भरतो. मागच्या बाजूला एक कडी असते. आधी स्वच्छ आभाळाकडं किंवा चुन्याच्या भिंतीकडं बघत फुली ठसठशीत दिसेपर्यंत ती फिरवायची, आणि एकदा आपल्या डोळ्याला जुळली की पुन्हा हात लावायचा नाही. कारण ती त्या एकाच डोळ्याची असते.

ओसरीवर त्या दिवशी किती डोळे होते हे मोजण्यात अर्थ नाही. चष्म्याचे, बिनचष्म्याचे, एक डोळा मिटताच न येणारे. दाजींच्या धाकट्या चुलत्यांना डावा डोळा मिटला की उजवाही आपोआप मिटतो. ते दुर्बिणीला डोळा लावून, दोन्ही डोळे गच्च मिटून, "काय सुदीक दिसंना," असं म्हणत उभे होते. प्रत्येकानं आपल्यापुरती ती मागची कडी फिरवली आणि पुढच्याला म्हणाला, "आता बघ, मी बराबर करून ठिवलंय." सगळ्यांत स्वच्छ दिसलं ते आबांना, म्हणजे दाजींच्या वडिलांना. त्यांची दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, आत नवी कोरी भिंगं. ते दुर्बिणीतून बघत बघत सांगत गेले, लिंबावर वानर बसलंय, त्याच्या मांडीवर पिलू आहे, पिलाच्या हातात मोसंबी आहे. आणि मग जरा वेळानं, "आपलीच हाय."

लिंबावरची ही मंडळी सरावाला रोज यायची. बार झाला की पहिल्या दिवशी ती दोन फांद्या वर गेली. दुसऱ्या दिवशी नुसत्या माना वळवल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना कळलं की धोका फक्त डब्याला आहे, आणि तोही फारसा नाही.

आता नेम जुळवायचं. दुर्बिणीच्या वरच्या बाजूला एक चावी असते आणि उजव्या बाजूला एक. चावी फिरवली की टिक टिक वाजतं. बहुतेक दुर्बिणींत एका टिकेनं छरा 100 मीटरवर साधारण 7 मिलिमीटर सरकतो. हा 100 मीटरचा हिशेब आहे. 10 मीटरवर तेवढ्याच टिकेला अर्धा-पाऊण मिलिमीटर. म्हणजे डब्यावर छरा दोन इंच खाली लागत असेल, तर तो वर आणायला सत्तरच्या आसपास टिका फिरवाव्या लागतात.

मामांना हे कोण सांगणार? दाजींचे मामा म्हणजे माजी सरपंच, त्यांनी चावी तीन टिका फिरवली, दाजींना बार काढायला लावला, कागदावर बघितलं आणि जाहीर केलं, "चावी खोटी हाय, नुसती वाजती." तीन टिकांनी छरा दोन मिलिमीटर वर गेला होता, पण छऱ्याचं भोकच साडेचार मिलिमीटरचं. मग मामांनी चावी एका दमात पूर्ण फिरवली आणि वर आणखी अर्धी. पुढचा छरा डब्यालाच लागला नाही. तो कुठं गेला हे अजून सापडलेलं नाही.

खरी रीत अशी की बंदूक टेकवून, एकाच जागी नेम धरून चार-पाच छरे मारायचे, चाव्यांना हात लावायचा नाही, मग त्या भोकांचा मध्य काढायचा आणि तेवढंच अंतर सरकवायचं. एका छऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण तो छरा दुर्बिणीमुळं तिथं गेला, की आपल्या शिंकेमुळं, हे त्या एका भोकावरून कळत नाही. पण पाच जण बसलेले असताना चार बार होईपर्यंत चावीला हात न लावणं आमच्या रक्तात नाही. एक बार, एक सल्ला, एक चावी. छरा डावीकडं लागला की मामा उजवीकडं फिरवायचे, पुढचा उजवीकडं लागला की गॅरेजवाला डावीकडं. दिवस मावळेपर्यंत कागदावर भोकं अशी पसरली होती, की गावातल्या सगळ्या गटांना समान प्रतिनिधित्व मिळालं होतं.

त्यात बाणाचा वाद. चावीवर बाण काढून 'अप' लिहिलेलं असतं. याचा अर्थ त्या दिशेनं फिरवली की छरा वर लागेल. मामांचं म्हणणं, छरा नाही, फुली वर जाईल, आणि फुली वर गेली की बंदूक वर धरावी लागेल, आणि म्हणून... इथून पुढं मामा स्वतःच गोंधळले, पण सरपंचकी केलेला माणूस ठराव मागं घेत नाही. हा वाद दोन संध्याकाळी चालला. भाचीला फोन लावला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मामा, एकदा फिरवून बघा ना." मामांना हा मुद्दा दुसरीकडं नेण्याचा प्रयत्न वाटला.

ही फुली तशी फार जुनी. इंग्लंडात विल्यम गॅस्कॉइन नावाचा एक तरुण सुमारे 1640 मध्ये दुर्बिणीतून आभाळ बघत होता. दुर्बिणीत कोळ्यानं जाळं केलेलं, आणि त्यातला एक धागा नेमका भिंगाच्या नाभीवर आलेला. धागा आणि तारा दोन्ही एकदम स्वच्छ दिसले. त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि आकाशातली अंतरं मोजायचं साधन तयार झालं. पुढं कित्येक वर्षं मोजणीच्या यंत्रांत खरोखरच कोळ्याचा धागा ताणून बसवत. तालुक्याची मोजणी आली की बांधावर जे भांडण होतं त्याचं मूळ शोधत गेलं तर ते असं एका कोळ्यापाशी जातं. गॅस्कॉइन बिचारा 1644 च्या लढाईत मारला गेला. दुर्बिणीतलं कोळ्याचं जाळं दाजींकडंही निघालं, पण बाहेरच्या बाजूला, आणि आमच्याकडं त्यातून शोध लागण्याआधी बहिणीनं ते केरसुणीनं काढलं.

दिवाळीत भाची घरी आली तेव्हा तिनं बंदूक हातात घेतली आणि आधी आबांची बंदूक धरायची रीत बंद केली. आबा तरुणपणी तालमीत होते. ते बंदूक अशी धरायचे, की ती पळून जाणार आहे. आणि स्प्रिंगच्या बंदुकीला नेमकं हेच चालत नाही. तिला तिचे ते दोन धक्के मोकळेपणानं खाऊ द्यावे लागतात. डाव्या तळव्यावर ती नुसती ठेवायची, दस्ता खांद्याला अलगद टेकवायचा, आणि प्रत्येक बाराला तसंच. आवळून धरली की दर वेळी वेगळ्या जोरानं आवळली जाते आणि छरे फाकतात. भाचीनं सैल हातानं पाच छरे मारले ते एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. आबा बघत राहिले. "असं ढिलं धरून कुठं काय हुतं का?" ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आमच्या टायमाला हे म्हाईत असतं तर."

आबांचा दुसरा धक्का त्याहून मोठा. त्यांना वाटत होतं, भाचीच्या स्पर्धेच्या रायफलवर नऊ नव्हे, नव्वद पटीची दुर्बीण असणार. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. दुर्बीण नव्हतीच. मागं एक बारीक भोक, पुढं एक गोल कडी, बस. ऑलिंपिकच्या रायफल नेमबाजीत दुर्बिणीला बंदी आहे. 10 मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, 50 मीटरच्या लक्ष्यावर 10.4 मिलिमीटरचा, आणि दोन्हीकडं उघड्या डोळ्यानंच बघायचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसला कांस्यपदक घेतलं ते 50 मीटरवर, गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून, अशा तीन आसनांत, दुर्बिणीशिवाय. आणि तेव्हा तो नोकरीनं रेल्वेत टीसी होता.

"टीशी?" आबांना तेवढंच ऐकू आलं. बीड शहरात तेव्हा गाडीच येत नव्हती. लोहमार्गाची घोषणा झाली तेव्हा आबांचे केस काळे होते. अहिल्यानगरची पहिली गाडी सुरू झाली ती 17 सप्टेंबर 2025 ला, तोवर टीसी ही व्यक्ती आमच्याकडं परळीला जाऊनच बघावी लागायची. तिकिटं तपासणारा माणूस असा नेम धरतो हे कळल्यावर आबांनी परळीच्या गाडीतून एकदा बिनतिकीट आल्याची जुनी हकिकत त्या दिवसापासून सांगायची बंद केली आहे.

दुर्बिणीतून नेम का लागत नाही हे भाचीनं फार चांगलं दाखवलं. तिनं दाजींना नऊ पटीवर डब्याकडं बघायला लावलं आणि विचारलं, "फुली हलतीय ना?" हलत होतीच. डावीकडं, उजवीकडं, आणि मध्येच एक बारीक ठोका वर. तो ठोका दाजींच्या नाडीचा होता. दुर्बीण डबा नऊ पट मोठा करते तशी आपली थरथरही नऊ पट मोठी करते. उघड्या डोळ्यानं ती दिसत नाही म्हणून माणूस आत्मविश्वासानं घोडा ओढतो. तीन पटीवर आणलं की फुली निम्मीअधिक शांत. पण नऊ पटीचे पैसे भरून तीन पटीवर बघायचं, हे दाजींना पटेना. "गाडीत पाच गियर असताना तिसऱ्यातच हिंडायचं का?" त्यांनी विचारलं. भाचीनं डोकं हलवलं आणि फराळाला गेली.

आणि मग ती निगा. मराठवाड्यात धूळ ही हवेचाच भाग आहे. मोसंबीच्या बागेत काळ्या मातीची, अंगणात मुरमाची, उन्हाळ्यात दोन्हींची. भिंगावर धूळ बसली की ती आधी फुंकणीनं उडवायची, मऊ कुंचल्यानं झाडायची, आणि मग भिंगाच्या कापडानं हलकेच पुसायचं. कोरडं कधी घासायचं नाही, कारण धुळीतले खडे भिंगावरचा पातळ लेप ओरबाडतात. झाकणं लावून ठेवायची. उन्हात, गाडीच्या काचेखाली ठेवायची नाही. आणि दुर्बीण सूर्याकडं कधीच, कुणीच, कसल्याही कारणानं नाही.

हे सगळं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं होतं. त्या कागदाखाली बसून मामांनी तंबाखू मळली, चुना लावला, चिमूट ओठात सोडली आणि उरलेला अंगठा नऊ पटीच्या पुढच्या भिंगावर टेकवून ते म्हणाले, "ह्या जागी जरा पांढरं दिसायलंय." ते पांढरं त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं पुसलं. टॉवेलवर ऊसतोडीच्या फडावरची राख होती. त्या भिंगावर आजही अंगठ्याच्या रेषा दिसतात. आधार कार्डाला अंगठा जुळत नाही म्हणून मामांची पीक विम्याची कामं अडतात, पण इथं मात्र रेघन् रेघ उठलेली आहे.

दुर्बिणीचा पुढचा अपघात कुणी केला हे अजून ठरलेलं नाही. मधल्या काळात ती बंदुकीवरून उतरवून गच्चीवर नेण्याची चाल पडली होती. टाकीत पाणी किती आहे, डीपीवर लाइनमन चढला की नाही, ऊसतोडीला गेलेल्या चुलत भावाचा ट्रॅक्टर वळणावर आला का, सगळं तिच्यातून. उतरवली की जुळवलेला नेम गेला, पुन्हा लावली की पुन्हा जुळवायचा, हे भाचीनं कितीदा सांगितलं. कुणाला फरक पडत नव्हता, कारण नेम आधीही नव्हता. पण कुणीतरी या उतरवाउतरवीत पुढची एक कडी भरपूर फिरवली. जूनच्या पहिल्या पावसानंतर दुर्बीण आतून धूसर झाली. पुसली तरी जाईना.

भाचीला फोन गेला. तिनं सांगितलं, दुर्बिणीच्या नळीत हवा नसते, कोरडा नायट्रोजन भरून ती घट्ट बंद केलेली असते. दमट हवा आत नसेल तर भिंगावर आतून दव धरत नाही. कडी उघडली, नायट्रोजन गेला, पावसाळी हवा शिरली. आता कंपनीकडं पाठवावी लागेल.

"नायट्रोजन?" दाजी म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला. "येवढंच ना?"

गढीच्या फाट्यावर, सोलापूर-धुळे रस्त्याला, टायरवाल्याच्या दुकानावर केवढ्या अक्षरांत लिहिलंय, इथं नायट्रोजन भरून मिळेल. मोटारसायकलवर दाजी पुढं, मी मागं, मध्ये बहिणीच्या जुन्या शालीत गुंडाळलेली दुर्बीण. दुकानात बारा-तेराचा पोरगा ट्रकचं चाक लोळवत होता. दाजींनी शाल उलगडली आणि अडचण सांगितली. पोरगा हसला नाही. त्यानं हात पँटला पुसले, दुर्बीण दोन्ही हातांत घेतली, एकदा या टोकानं, एकदा त्या टोकानं निरखली, हवेची नळी हुकावरून खाली काढली आणि विचारलं,

"काका, हिचा वॉल कुठंय?"